तांबूची दुसरी परीक्षा

"हे घ्या तुमचं जनावर. जित्तं आणलंय म्हणून आभार माना. माझ्या भावानं तर काठीच काढली होती."

शिवलिंग कोरे यांनी दोरीचं टोक माझ्या टेबलावर टाकलं. दुसऱ्या टोकाला तांबू होता. तांब्याच्या रंगाचा, काळ्या मुस्काटाचा, मध्यम चणीचा गावठी कुत्रा. तो आत आला, माझ्या चपलांचा वास घेतला आणि टेबलाखाली अंग मुडपून बसला. जणू सकाळी फिरायला गेला होता आणि आता परत आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"चावलाय! माझ्या पोरीच्या तोंडाला चावलाय. आठ वर्षांची पोर ती. तोंड नुसतं रक्तानं भरलेलं. आणि तुम्ही काय म्हणाला होता? लेकरांच्यात खुशाल सोडा. परीक्षेत पास झालाय."

तसं मी म्हणाले होते खरी. त्या काळात मी मिरजेबाहेर मालगाव रस्त्याला असलेल्या एका श्वाननिवाऱ्यात काम करत होते. टाकून दिलेली, चुकलेली, गाडीखाली सापडून बरी झालेली कुत्री तिथं यायची. त्यातलं कुठलं कुणाच्या घरात देण्याजोगं आहे आणि कुठलं नाही, हे पारखायचं काम माझ्याकडे होतं. पुण्यात जाऊन मी ते शिकून आले होते. माझी आई पाहुण्यांना सांगायची, "आमची हेमा कुत्र्यांचे कांदेपोहे करते." हसण्यावारी नेलं तरी ते फारसं चूक नव्हतं. अनोळखी माणूस जवळ आला तर काय करतो, खाताना हात लावला तर काय करतो, भांडं आपटलं, पोर रडलं, दुसरं कुत्रं आलं तर काय करतो, हे सगळं बघून मगच आम्ही कुत्रं द्यायचो. महिन्यापूर्वी तांबू या सगळ्यातून सरळ निघाला होता, आणि मी त्याला कोऱ्यांच्या घरी दिलं होतं.

आवाज ऐकून आमचे डॉक्टर बिरनाळे बाहेर आले. निवारा त्यांच्याच ताब्यात होता. त्यांनी कोऱ्यांना बसवलं, पाणी दिलं, मुलीला इंजेक्शनं सुरू केलीत का ते विचारलं. सुरू झाली होती. कोरे जाताना दारात वळून म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या घरात हा गेला आणि मला कळलं, तर बघा मग."

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "हेमा, पोराला चावलेलं कुत्रं आपण परत घरात देत नाही. काही दिवस नजरेखाली ठेवू, मग मागच्या कोठीत."

मागची कोठी म्हणजे कायमची कोठी. तिथं ऊन तिरपं यायचं, माणूस दिवसातून दोनदा जायचं, एकदा खायला घालायला आणि एकदा झाडायला. तिथं गेलेलं कुत्रं तिथंच म्हातारं व्हायचं.

"नजरेखाली आहे तोवर मी परत एकदा बघू का त्याला?" मी म्हटलं.

"काय बघणार आहेस?"

"मला कळत नाहीये, डॉक्टर. तोंडाला चावणारं कुत्रं आधी काहीतरी दाखवतं. ओठ उचलतं, अंग ताठ करतं, नजर वळवतं. ह्यानं एकदाही काही दाखवलेलं नाही. मग महिन्याभरात असं काय झालं?"

"बघ," ते म्हणाले. "पण सापडेलच असं धरून चालू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी आणि दस्तगीरमामांनी तांबूची परीक्षा नव्यानं मांडली. दस्तगीरमामा आमच्याकडे कुत्र्यांचं खाणंपिणं बघायचे. सुरुवात जेवणापासून केली. काठीला रबरी हातमोजा बांधून त्यात चिंध्या भरल्या होत्या. तो खोटा हात मी त्याच्या भाकरी-दुधाच्या ताटलीत घातला. तांबूनं खाणं थांबवलं, हाताकडे बघितलं, आणि ताटलीची दुसरी बाजू धरली. ताटली ओढून घेतली तर मागं सरून बसला. मामांनी मागून पत्र्याचा डबा आपटला. तो दचकला, मग जाऊन डबा हुंगून आला. मी त्याचे पंजे दाबले, कान ओढले, शेपूट धरली. त्यानं माझा हात चाटला.

"ह्याला राग नावाचं कायतरी शिकवाय पायजे," मामा म्हणाले.

शेवटी बाहुली आणली. आमच्याकडे लहान मुलांच्या परीक्षेसाठी एक कापडी बाहुली होती. माझ्या बहिणीनं शिवलेली, गादीवाल्याकडून कापूस भरून घेतलेली, चांगली सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी. तिला फ्रॉक घातला होता. बाहुली खुर्चीत बसवली, तांबूनं हुंगली, सोडून दिली. मी ती त्याच्यासमोर नाचवली, तो जांभई देऊन कोपऱ्यात जाऊन पडला. परीक्षा संपली. मागच्या वेळेसारखाच सरळ निकाल, आणि माझ्या प्रश्नाला उत्तर मात्र नाही.

"आवरा मामा," मी म्हटलं.

मामांच्या एका हातात ताटल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या हातानं बाहुलीचा पाय धरला आणि तिला फरशीवरून ओढत दाराकडे न्यायला लागले. दाराच्या चौकटीत फ्रॉक अडकला. मामांनी हिसका दिला, मग आणखी एक, मग आणखी. बाहुलीचं डोकं फरशीवर थडथड आपटायला लागलं.

तांबू कोपऱ्यातून असा आला, की मामांच्या हातातल्या ताटल्याच पडल्या. तो बाहुलीच्या अंगावर आडवा झाला. छाती तिच्या पोटावर टाकली, आणि मुस्काट खुपसून खुपसून तिच्या मानेखाली घातलं. डोकं त्याच्या नाकाडावर टेकलं, तसा तो तिथूनच दाराकडे डोळे करून भुंकायला लागला. रागाचं भुंकणं नव्हतं ते. एकसारखं, थांबून थांबून, कुणालातरी हाक मारल्यासारखं.

आम्ही दोघं बघत राहिलो.

"मामा, बाहुली तशीच पडू द्या. हलवू नका."

बाहुली निपचित पडली, तसा थोड्या वेळानं तांबू उठला आणि बाजूला झाला. मी बाहुली उचलून परत नुसती आडवी ठेवली. त्यानं ढुंकून बघितलं नाही. मग तिच्या हाताला सुतळी बांधून मी दारामागून झटके दिले. तो पळत आला आणि परत तेच: छाती अंगावर, मुस्काट मानेखाली, आणि हाक. दात कुठंच नाहीत. मी बाहुलीची मान उलटीपालटी करून बघितली, कापडाला साधा ओरखडा नव्हता.

डॉक्टर बिरनाळ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"विचित्र आहे," ते म्हणाले. "पण हेमा, हा पुरावा त्याच्याच विरुद्ध जातो. बाहुलीच्या अंगावर पडतो, म्हणजे त्या पोरीच्याही अंगावर पडला असणार."

"पडला असेल. पण चावला का?"

"रक्त कुठून आलं मग?"

तेच मला बघायचं होतं.

कोरे मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं काम करत, विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी. पुढं दुकान आणि मागं घर. शनिवारी मी गेले तेव्हा ते कुठल्याशा मळ्यात पंप उतरवायला गेले होते. दार शैलजाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, उघडलं. मला बघून त्या जरा बिचकल्या, पण "या" म्हणाल्या. गिरिजा पलंगावर बसून चित्र रंगवत होती. किडकिडीत पोर, दोन वेण्या. मला बघताच तिनं पहिलं विचारलं, "तांबू जेवतो का?"

"जेवतो की. तुझं तोंड कसं आहे? बघू मला?"

मी जवळ बसले. ओठावर काही नव्हतं. गालावर काही नव्हतं. हनुवटी, नाक, मान सगळं स्वच्छ. मी शैलजाबाईंकडे बघितलं.

"आत आहे," त्या म्हणाल्या. "गिरू, जीभ दाखव ताईंना."

गिरिजानं जीभ बाहेर काढली. डाव्या कडेला, पार मागच्या बाजूला, एक खोल चीर भरत आली होती.

मी बराच वेळ त्या जिभेकडे बघत राहिले असणार, कारण पोरगी कंटाळून जीभ आत घेऊन परत रंगवायला लागली. ओठाला न लागता, गालाला न लागता कुत्रं जिभेच्या मागच्या कडेला चावतं कसं? तोंड मिटलेलं असताना तिथं एकच जण चावू शकतो.

"गिरिजा, तेव्हा काय झालं होतं गं?"

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "मी टीव्ही बघत होते. मग आई रडत होती."

"मी मागं कपडे वाळत घालत होते," शैलजाबाई सांगायला लागल्या. "तांबू भुंकायला लागला. थांबेचना. आले तर ही खाली पडलेली आणि हा तिच्या अंगावर. त्याचं तोंड हिच्या गळ्याशी. रक्त बघून मी किंचाळलेच, ताई. परकर ओला झालेला हिचा. भीतीनंच झाला असेल. हाका मारल्या तर बघायची, पण ओळखच नाही डोळ्यांत. मग झोपली ती संध्याकाळपर्यंत झोपली."

"याआधी कधी असं? म्हणजे बोलता बोलता हरवल्यासारखी होते का?"

शैलजाबाईंनी गिरिजाकडे एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष नसतं. मधेच टक लावून बसते. का हो?"

कॉलेजात असताना वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी होती. तिला फिट यायची. तिची जीभ मी बघितली होती, आणि त्यानंतरची तिची ती झोपही. पण मी काही माणसांची डॉक्टर नव्हते. मी कुत्री पारखणारी बाई. शब्द जुळवत होते तेवढ्यात पुढच्या दुकानातून कोरे आत आले.

"तुम्ही इथं काय करताय?"

"गिरिजाला बघायला आले होते."

"बघितलं? आता निघा. तिला खायला घालून झोपव गं लवकर," ते बायकोला म्हणाले. "उद्या रविवार. घाटावर न्यायचंय. भोपळा सोडून पोहायला लागायची आता."

कृष्णेच्या घाटावर, कमरेला भोपळा न बांधता. आता शब्द जुळवायला वेळ नव्हता.

"उद्या तिला पाण्यात नेऊ नका," मी म्हणाले. "आधी डॉक्टरांना दाखवा. मेंदूच्या डॉक्टरांना. ती जखम कुत्र्याच्या दातांची नाहीये, कोरेसाहेब. तिची तिलाच जीभ चावली गेलीय. मला वाटतं, तिला फिट आली होती, आणि तांबू..."

"काय म्हणाला?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता, उलट उतरवला होता. गिरिजानं रंगवायचं थांबवलं.

"कुत्र्याचा दोष झाकायला माझ्या पोरीला फेफरं चिकटवताय? उद्या गावभर झालं तर तिच्याकडं कोण बघणार आहे? तिचं लग्न तुम्ही लावणार? आमच्या सात पिढ्यांत कुणाला असलं काही न्हाई. उठा. उठा म्हणतो ना!"

मी उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले. "माझं चुकलं असेल. चुकलं तर माझ्या तोंडात शेण घाला. पण उद्याचा एक दिवस पाण्यात नेऊ नका."

त्यांनी दार लावून घेतलं.

रात्र कशी काढली ते सांगत नाही. रविवारी निवाऱ्याला सुट्टी असूनही मी सकाळीच जाऊन बसले. घरी बसवेना. दस्तगीरमामा दोनदा चहा देऊन गेले, दोन्ही चहा गार झाले. उन्हं वर आली तशी फाटकात रिक्षा थांबली आणि शैलजाबाई उतरल्या. एकट्याच.

"गिरिजा?" मी धावत गेले.

"घरी आहे. तिच्या काकूजवळ. मी तिचा पोहायचा फ्रॉक भिजत टाकला पहाटे. आजच्यापुरतं निभावलं." त्या श्वास घेऊन म्हणाल्या, "यांना सांगून आले नाही. बहिणीकडं जाते म्हणून आले. ताई, तुम्ही काल म्हणाला ते खरं कशावरून?"

मी त्यांना बाहुलीचं सांगितलं. झटके दिले की काय करतो, नुसती पडली की काय करतो. त्या मन लावून ऐकत होत्या.

"बाहुलीचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाहुली शेवटी बाहुली. मला त्याच्याकडं न्या."

तांबूनं त्यांना बघितलं तसं अंगणभर गोल चकरा मारल्या, त्यांच्या पायात लोळला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचा चेहरा काही सैलावला नाही. परीक्षेच्या खोलीच्या जाळीच्या दाराशी येऊन त्यांनी पदर खोचला. मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. "तुम्ही बाहेर थांबा. मामा, तुम्ही पण. आणि काही झालं तरी मी बोलवेपर्यंत आत यायचं नाही."

"अहो, पण तुम्ही..."

"माझी पोर आहे ती," शैलजाबाई म्हणाल्या. "तो तिच्या गळ्याशी काय करत होता ते मला कळलं पाहिजे."

आणि तांबूला आत घेऊन ती बाई शहाबादी फरशीवर आडवी झाली. आधी नुसती पडून राहिली. तांबू तिच्या पायांचा वास घेऊन शेजारी बसला. मग तिनं डोळे मिटले आणि हातपाय झाडायला सुरुवात केली. सुरुवातीला अवघडून, लाजत. मग एकदम, काय आठवलं कुणास ठाऊक, ती सगळी थरथरायला लागली. टाचा फरशीवर वाजत होत्या, डोकं इकडून तिकडं आपटत होतं. आम्ही जाळीला घट्ट धरून उभे होतो. दस्तगीरमामा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते.

तांबू उठला. तिच्या छातीवर आडवा पडला. त्याचं उघडं तोंड तिच्या उघड्या गळ्याशी आलं, आणि माझा हात कडीकडे गेला. पण त्यानं दात दाखवले नाहीत. मुस्काट हळूहळू तिच्या मानेखाली सरकवलं, फरशी आणि डोकं यांच्या मधे, आणि तिथं धरून ठेवलं. तिचं डोकं त्याच्यावर आपटत राहिलं. एकदा जोरात लागलं, तसा तो कण्हला, पण हलला नाही. मान तिरकी करून जमेल तसा तो आमच्याकडे भुंकत होता. एकसारखा, थांबून थांबून.

शैलजाबाईंची थरथर थांबली. त्या तशाच पडून राहिल्या, आणि मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी दोन्ही हातांनी त्या कुत्र्याची मान कवटाळली आणि मोठ्यानं रडायला लागल्या. तांबू निश्चल होता. त्याच्या लेखी काम अजून संपलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्या उठून बसल्या. पदरानं तोंड पुसलं. "मानेखाली होता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीसुद्धा मानेखालीच होता. मला गळ्याशी दिसला."

त्याच संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. शैलजाबाईंनी पुढं एवढंच सांगितलं, की चूल पेटली नाही आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. मिरजेत डॉक्टरांना काय तोटा! गिरिजाच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. निदान तेच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, नियमित घेतल्या तर बहुतेक पोरं चांगली होतात म्हणाले, आणि पाण्यापासून, गच्चीपासून जपायला सांगितलं.

नंतर एका दुपारी कोऱ्यांची गाडी आमच्या फाटकात आली. गिरिजा उडी मारून उतरली आणि थेट तांबूकडे पळाली. शैलजाबाई तिच्या मागं. कोरे मात्र गाडीजवळच उभे राहिले. मग सावकाश माझ्या टेबलाशी आले. माफी मागणाऱ्यातला माणूस नव्हता तो.

"मी म्हणालो होतो, दुसऱ्या कुणाच्या घरात हा जायला नको," ते म्हणाले.

"हो. आठवतंय."

"तर मग, आमच्याच घरात येऊ द्या." त्यांनी खिशातून नवा पट्टा काढला. कातडी, चांगला जाड. "काही परीक्षा वगैरे असली तर सांगा. आमची घ्या ह्या खेपेला."

डॉक्टर बिरनाळे आतल्या खोलीतून हसले. मी पण हसले. पट्टा गळ्यात घालायला आम्ही सगळे अंगणात गेलो. गिरिजा तांबूचं मुस्काट दोन्ही हातांत धरून निरखत होती.

"ताई, त्याला हे कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवलं नसेल गं. आधी ज्यांच्याकडे होता, त्यांनाही तुझ्यासारखंच होत असणार. रोज बघून बघून त्याचं तोच शिकला असेल."

"ते कुठं असतात?"

"माहीत नाही. हा स्टेशनजवळच्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी सापडला होता. किती दिवस तिथून हलतच नव्हता म्हणे."

गिरिजानं थोडा विचार केला. "मग आता त्यांच्याजवळ कोण असतं?"

कोरे पट्ट्याचं बक्कल लावत होते, ते लावायचं तसंच राहिलं. इतक्या दिवसांत हा कुत्रा चांगला की वाईट, एवढंच आम्ही सगळे विचारत होतो.

कोऱ्यांनी बक्कल लावलं आणि गाडीचं दार उघडलं.

"बसा बाई," ते मला म्हणाले. "विचारून तरी बघू."

आम्ही गेलो. दवाखान्याच्या फाटकावर, समोरच्या औषधांच्या दुकानांत, लॉजवर, नारळपाण्याच्या गाड्यांवर, रिक्षा स्टँडवर. तिथं कर्नाटकातून, कोकणातून, कुठून कुठून माणसं येतात आणि बरी होऊन किंवा न होता निघून जातात. कोण कुणाला लक्षात ठेवणार? त्या दिवशी काही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. पण उन्हं कलली तरी कोरे थांबले नाहीत. एका हातात पोरीचा हात, दुसऱ्या हातात तांबूचा पट्टा. दिसेल त्याच्यासमोर कुत्र्याला उभं करायचे आणि विचारायचे,

"ओ दादा, ह्याचं माणूस कुठं दिसलं का तुम्हाला?"